स्पॅनिश साहित्यातील ‘मोन्स्त्रुओ’ : अपशकुन आणि मनुष्यत्व

स्पॅनिश साहित्यातील ‘मोन्स्त्रुओ’ या संज्ञेचे भाषांतर करताना मराठी अभ्यासकाला ‘राक्षस’ हा शब्द सहज सुचतो. परंतु तो दिशाभूल करणारा आहे. आपल्या पुराणपरंपरेतील राक्षस ही एक स्वतंत्र योनी आहे. तिला स्वतःचे कुळ, राज्य व वंशावळ असते. सोळाव्या-सतराव्या शतकांतील स्पेनचा ‘मोन्स्त्रुओ’ मात्र बहुधा माणसाच्याच पोटी जन्मतो. त्याला अधिक जवळची संकल्पना वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील उत्पाताध्यायात सापडते. तेथे प्रसवविकार, म्हणजे विपरीत जन्म, ही देशाच्या अथवा कुळाच्या नाशाची सूचना मानली आहे. लॅटिन ‘मोन्स्त्रुम’ हा शब्दही ‘बजावणे, सूचित करणे’ या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. जन्माला आलेल्या जीवाकडे संकेत म्हणून पाहिले की त्या जीवाचे काय होते, या प्रश्नाचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

सेबास्तिआन दे कोवारूबियास यांच्या 1611 मधील कोशातील ‘मोन्स्त्रो’ ही नोंद या दृष्टीने महत्त्वाची आहे. निसर्गाच्या नियमाविरुद्ध व क्रमाविरुद्ध झालेला जन्म, अशी व्याख्या करून कोशकार लगेच एक घटना सांगतात. 1343 साली उर्खेल परगण्यातील सेर्बेरा येथे दोन डोकी व चार पाय असलेले मूल जन्मले. ते मोठ्या अरिष्टाचे चिन्ह आहे, त्याच्या मरणाने अरिष्ट टळेल, अशा समजुतीने आईवडिलांनी व जमलेल्यांनी त्याला जिवंत पुरले. पुढे आईवडिलांना स्वजनहत्येची शिक्षा झाली आणि इतरांनाही त्यांच्याबरोबर शासन झाले. शब्दाचा अर्थ सांगणाऱ्या नोंदीत असा खटला यावा, हे लक्षणीय आहे. व्याख्या मुलाला निसर्गक्रमाबाहेर ठेवते. शिक्षा मात्र त्याला माणूस ठरवते.

काल्देरोन दे ला बार्का यांच्या ‘ला विदा एस स्वेन्यो’ (‘जीवन हे स्वप्न’) या 1636 मध्ये छापल्या गेलेल्या नाटकात हीच घटना राजघराण्यात घडते, असे म्हणता येईल. पोलंडचा विद्वान राजा बासिलिओ ग्रहताऱ्यांवरून जाणतो की, आपला मुलगा क्रूर व जुलमी निघेल. मातेला गर्भारपणी पडलेली भयंकर स्वप्ने, जन्मवेळचे ग्रहण आणि मातेचा मृत्यू यांनी त्याची खात्री पटते. मूल मेल्याचे जाहीर करून तो त्याला एका बुरुजात कोंडतो. कातडी पांघरलेला, साखळदंडांत वाढलेला सेगिस्मुंदो स्वतःला मानवी ‘मोन्स्त्रुओ’ म्हणवतो. एका दिवसापुरते त्याला राजवाड्यात आणले जाते, तेव्हा तो एका सेवकाला सज्जातून खाली फेकतो आणि भाकीत खरे ठरल्यासारखे दिसते. परंतु ते खरे ठरवणारी परिस्थिती बासिलिओने स्वतःच निर्माण केलेली आहे. सेर्बेराच्या आईवडिलांप्रमाणे त्यानेही संकेत वाचला आणि मुलाला जिवंत पुरले. शेवटी सेगिस्मुंदो स्वतःवर विजय मिळवून पित्याला क्षमा करतो. मात्र आपल्याला मुक्त करणाऱ्या बंडखोर सैनिकाची रवानगी त्याच बुरुजात करतो. राजा बदलतो, बुरुज तसाच राहतो.

चित्रकलेत याच प्रश्नाचे वेगळे रूप दिसते. 1680 च्या सुमारास बुर्गोस प्रांतातील एउखेनिया मार्तीनेस बायेखो ही विलक्षण स्थूल मुलगी माद्रिदच्या दरबारात आणली गेली. राजचित्रकार हुआन कार्रेन्यो दे मिरांदा यांनी तिची दोन चित्रे काढली. एकात तिच्या अंगावर उंची वस्त्रे आहेत. दुसऱ्यात ती मद्यदेव बाखुसच्या रूपात विवस्त्र आहे. प्रादो संग्रहालयातील ही चित्रे आजही ‘ला मोन्स्त्रुआ’ या नावाने ओळखली जातात. ही चित्रे करवून घेणारा कार्लोस दुसरा स्वतः मामा-भाचीच्या विवाहातून जन्मलेला, आजन्म रोगट राजा होता. त्याचीही चित्रे कार्रेन्यो यांनीच रंगवली. त्या दोघांपैकी ‘मोन्स्त्रुओ’ कोणाला म्हणायचे, हे देहाने नव्हे, पदाने ठरवले.

अठराव्या शतकात प्रश्नाची मांडणी बदलते. 1736 मध्ये मेदिना सिदोनिया येथे दोन डोकी असलेले मूल जन्मले. त्याविषयीच्या पृच्छेला बेनेडिक्टाईन पंथाचे धर्मगुरू बेनितो खेरोनिमो फेइखो यांनी दिलेले उत्तर 1742 च्या पत्रसंग्रहात आहे. हा जन्म काय सुचवतो, हा तेथे मुख्य प्रश्न नाही. येथे आत्मे किती, आणि बाप्तिस्मा एकाचा झाला की दोघांचा, असा तो प्रश्न आहे. फेइखो यांचा कौल दोन व्यक्तींच्या बाजूने आहे. आज हा वाद पांडित्याचा वाटेल. परंतु त्यात मूल हे चिन्ह न राहता व्यक्ती ठरते.

1799 मध्ये गोया यांच्या ‘काप्रिचोस’ या 80 चित्रांच्या मालिकेतील 43 व्या चित्राने ही परंपरा उलटवली. ‘रासोन’च्या, म्हणजे विवेकाच्या ‘स्वेन्यो’तून ‘मोन्स्त्रुओ’ उपजतात, असे त्या चित्राचे शीर्षक सांगते. काल्देरोन यांच्या नाटकाच्या नावात असलेलाच हा शब्द. त्यात निद्रा व स्वप्न हे दोन्ही अर्थ आहेत, जसे ते संस्कृत ‘स्वप्न’ शब्दात होते. मराठीला मात्र निवड करावी लागते. झोप म्हटले तर विवेकाची गैरहजेरी दोषी ठरते. स्वप्न म्हटले तर विवेक स्वतःच. सर्व गणिते अचूक मांडणारा बासिलिओ झोपलेला नव्हता, हे आठवले की दुसरा अर्थ टाळता येत नाही.

म्हणूनच ‘मोन्स्त्रुओ’ला ‘राक्षस’ म्हणण्याने केवळ छटा हरवत नाही. सेगिस्मुंदो राक्षस ठरला तर त्याचा बुरुज समर्थनीय ठरतो. त्यापेक्षा ‘विपरीतजन्मा’ असा काहीसा अवघड शब्द पत्करावा. त्या शब्दात निदान जन्म शिल्लक राहतो, आणि जन्मलेल्याविषयीचे उत्तरदायित्वही.