उच्छेद, परंतु कशाचा?

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'अ‍ॅनायहिलेशन ऑफ कास्ट' (१९३६) या ग्रंथाच्या शीर्षकातील पहिला शब्द लॅटिन कुळातला आहे. 'अ‍ॅड' म्हणजे 'कडे' आणि 'निहिल' म्हणजे 'काही नाही'. 'निहिल' हा शब्दही 'ने' हा नकार व 'हिलुम', म्हणजे क्षुल्लक वस्तू, यांच्या संयोगाने सिद्ध झाला. सारांश, लेशमात्रही उरू न देणे हा त्याचा धात्वर्थ होय. मोडलेल्या वस्तूचे तुकडे राहतात. या शब्दाला तुकडेही मान्य नाहीत.

बौद्धविद्येत मात्र याच शब्दाने अनर्थ केला. फ्रेंच पंडित युजेन ब्युर्नूफ यांनी १८४४ च्या आपल्या ग्रंथात निर्वाणाचा अर्थ संपूर्ण विलोप असा घेतला. इंग्रजी लेखनात त्यासाठी 'अ‍ॅनायहिलेशन' रूढ झाले आणि बुद्ध शून्यात विरून जाण्यास सांगतात, अशी समजूत युरोपात दृढ झाली.

हा आक्षेप पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवा नाही. विनयपिटकात वेरंजा येथील ब्राह्मण भगवंतांना 'उच्छेदवादी' म्हणतो. 'उच्छेद' म्हणजे छेदून टाकणे. भगवंत तो शब्द झिडकारीत नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. राग, द्वेष, मोह व अकुशल धर्म यांचा उच्छेद मी सांगतो, म्हणून त्या अर्थाने मला उच्छेदवादी म्हणता येईल. तुझ्या मनातील अर्थाने नव्हे, असे त्यांचे उत्तर आहे. मृत्यूबरोबर सारे संपते व सत्कर्म-दुष्कर्माला फळ नाही, हा अजित केसकंबलीचा उच्छेदवाद त्यांना मान्य नव्हता. क्षीणास्रव भिक्षू मरणोत्तर नष्ट होतो असे मानणाऱ्या यमक भिक्षूचा भ्रमही सारिपुत्तांनीच दूर केला.

बाबासाहेबांच्या शीर्षकासाठी मराठीत 'उच्चाटन' आणि 'निर्मूलन' असे दोन्ही शब्द योजले जातात. 'उच्चाटन' ही मुळात तांत्रिकांच्या षट्कर्मांतील संज्ञा. तिचा अर्थ हुसकावून लावणे. हुसकावलेले परत येऊ शकते! 'निर्मूलन' मला अधिक जवळचे वाटते, कारण जात ही विटांची भिंत नसून मनाची धारणा आहे, असे त्याच ग्रंथाचे प्रतिपादन आहे, आणि त्या धारणेचे मूळ ग्रंथकाराने शास्त्रांच्या प्रामाण्यात दाखविले.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाची अडचण नेमकी येथेच झाली. जातपात तोडण्यास त्यांची ना नव्हती. वेदशास्त्रांविषयीचा भाग तेवढा वगळावा, अशी त्यांची इच्छा होती. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. भाषण झालेच नाही. त्यांनी ते स्वखर्चाने छापले, आणि पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या.