खाणावळीच्या रेटमधली वाढ नक्की कोण भरतं?

गेल्या काही भागांनंतर सगळ्यात जास्त मेसेज कशावर आले असतील तर ते डब्याच्या रेटवर. मेसने पुन्हा पैसे वाढवले, हॉटेलात दोघं जेवलं तरी बिल बघून पोटात गोळा येतो, घरी करावं तर तेल आणि डाळ परवडत नाही. "यावर एक भाग कर ना" असं बऱ्याच जणांनी लिहिलं. आता मी पडलो कोड लिहिणारा माणूस. स्वस्त तूरडाळ कुठे मिळते हे मला तुमच्याइतकंच माहीत आहे. पण इतिहासातला एक प्रश्न मी यासाठी घेऊ शकतो. बाहेरच्या जेवणाचा खर्च वाढतो तेव्हा ती वाढ शेवटी कुणाच्या खिशातून जाते? जेवणाऱ्याच्या, की जेवण करणाऱ्याच्या?

याचं उत्तर शोधायला मुंबईचं गिरणगाव ही सगळ्यात चांगली जागा आहे. लालबाग, परळ, करी रोड, डिलाईल रोड, वरळी. आज तिथे काचेचे टॉवर दिसतात, पण विसाव्या शतकाचा बराच काळ तिथे कापडगिरण्यांचे भोंगे वाजत होते. कामगार यायचे कोकणातून, साताऱ्यातून, कोल्हापूरकडून. बायका-मुलं गावी, शेती गावी, आणि गडी मुंबईत चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा जणांबरोबर. एकाची पाळी संपली की तो येऊन झोपणार आणि दुसरा उठून गिरणीत जाणार. अशा माणसाने स्वयंपाक कुठे आणि कधी करायचा?

म्हणून खाणावळ. ही बोर्ड लावलेली, टेबल-खुर्ची असलेली खाणावळ नव्हे. चाळीतल्याच एखाद्या खोलीत एक बाई पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक करायची. भाकरी, भात, आमटी, एखादी भाजी, वारानुसार कधी मासे किंवा मटण. पाळ्यांप्रमाणे जेवणं, म्हणजे चूल पहाटे पेटायची ती रात्री उशिरापर्यंत. तिचा स्वतःचा नवरा बहुतेक वेळा गिरणीत, नाहीतर आजारी, नाहीतर वारलेला. पैसे महिन्याचे, आणि तेही पगार झाल्यावर.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे मंथली सबस्क्रिप्शन होतं, तेही पोस्टपेड. ज्यांनी फिक्स्ड-प्राइस प्रोजेक्टवर काम केलंय त्यांना यातली गोम लगेच कळेल. रक्कम ठरलेली, पण कच्च्या मालाचा भाव तुमच्या हातात नाही. बाई वाण्याकडून धान्य उधारीवर आणायची, वाण्याने हात वर केले की सावकाराकडे जायची, प्रसंगी डोरलं गहाण टाकायची. मध्येच ज्वारी महागली तरी पंधरा जणांना "आजपासून जास्त द्या" असं सांगता येत नव्हतं. सांगितलं तर तिघं-चौघं शेजारच्या चाळीतल्या बाईकडे जेवायला जातील. मग उरतं काय? आमटी पातळ करणं, स्वतःच्या आणि पोरांच्या वाट्याला कमी येणं, कर्ज वाढणं.

आता इथे मला स्वतःला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट येते. गिरणी कामगाराला महागाईपासून थोडं तरी संरक्षण होतं. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१ पासून 'लेबर गॅझेट' काढायला सुरुवात केली आणि त्यात कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक यायचा. त्या काळातल्या कामगार कुटुंबाचा निम्म्याहून जास्त खर्च अन्नावर जायचा, म्हणजे हा निर्देशांक मुख्यतः ताटाचाच होता. दुसरं महायुद्ध सुरू झालं, भाव कडाडले, आणि १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी मोठा संप केला. पुढे हा भत्ता निर्देशांकालाच जोडला गेला. निर्देशांक वर, भत्ता वर. आज सरकारी नोकरीतले आपले काका 'डीए किती टक्के झाला' म्हणून बातम्या बघतात ना, त्याच्या मागे हा सगळा लढा आहे.

पण त्या कामगाराला रोज दोन वेळा जेवू घालणारी बाई या हिशेबात कुठेच नव्हती. ती कुठल्या हजेरीपटावर नव्हती, तिला कुठली युनियन नव्हती. कामगाराच्या खर्चात तिचं जेवण मोजलं जात होतं. तिचा खर्च मोजायची कुणाला गरज वाटली नाही.

हे सगळं कसंबसं चालत होतं, ते १९७२ पर्यंत.

१९७२ चा दुष्काळ तुमच्या आजी-आजोबांना विचारा. गावाकडे रोजगार हमीची कामं, खडी फोडणं, सुकडी. आणि रेशनवर लाल मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी. तिच्या भाकरीबद्दल आजही कुणी चांगलं बोलत नाही. पाठोपाठ १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं आणि काही महिन्यांत खनिज तेल तीन डॉलरच्या आसपासवरून बारा डॉलरच्या आसपास गेलं. रॉकेल मिळेना, वनस्पती तूप दुकानातून गायब. १९७४-७५ मध्ये देशात घाऊक भाववाढीचा वर्षाचा सरासरी दर २५ टक्क्यांवर गेला. आपण आज सहा टक्क्यांना घाबरतो, यावरून अंदाज करा.

मुंबईत बायका रस्त्यावर आल्या. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. त्यात समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते होत्या, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर होत्या, भाकपच्या तारा रेड्डी होत्या. एरवी या पक्षांचं एकमेकांशी फारसं पटत नव्हतं, पण तेलाचा भाव सगळ्यांना सारखाच होता. हातात लाटणं घेऊन हजारो बायकांचा मोर्चा, थाळ्या वाजवणं, मंत्र्यांना घेराव, साठेबाजांच्या गोदामांवर थेट चाल करून जाणं. लाटणे मोर्चा हा शब्द तिथूनच रुळला. एक लक्षात घ्या, या बायका 'भाव कमी करा' एवढंच मोघम म्हणत नव्हत्या. तेल, साखर, रॉकेल, धान्य या ठरावीक वस्तू ठरावीक भावाला आणि पुरेशा मिळाल्या पाहिजेत, अशी त्यांची मागणी होती. पुढे १९७७ मध्ये मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर दोघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या, त्यात या मोर्च्यांचा वाटा मोठा होता असं मला वाटतं.

पण खाणावळवाल्या बाईची गाठ याने पूर्ण सुटणार नव्हती. कारण ती एकाच वेळी गिऱ्हाईकही होती आणि विकणारीही. वाण्यासमोर ती मृणालताईंच्या मोर्च्यातली बाई होती. संध्याकाळी जेवायला बसलेल्या गड्यांसमोर मात्र रेट वाढवणारी तीच होती. आणि गड्यांचीही कोंडी झालेली. १९७३-७४ च्या हिवाळ्यात गिरण्यांचा संप सुमारे सहा आठवडे चालला. संपात पगार नाही, म्हणजे खाणावळीचे पैसे नाहीत. तरी बायकांनी जेवण बंद केलं नाही, उधारीवर वाढत राहिल्या. त्यात जुलै १९७४ मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढला. पगारवाढीची पूर्ण रक्कम आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेव म्हणून कापायचा, लोकांच्या हातात पैसा कमी राहिला की भाव उतरतील म्हणून. अर्थशास्त्र म्हणून त्यामागे काही तर्क असेलही. खाणावळीत त्याचा अर्थ एवढाच, की ज्याच्याकडून बाई चार रुपये जास्त मागू शकली असती त्याच्याच हातात ते येत नव्हते.

हे जवळून पाहिलं प्रेमा पुरव यांनी. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, लहान वयातच गोवामुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या, नंतर मुंबईत डाव्या कामगार चळवळीत काम करणाऱ्या. संप टिकतो तो या बायकांच्या चुलीवर, आणि त्याची किंमत त्या सावकाराच्या व्याजातून भरतात, हे त्यांच्या लक्षात आलं. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. पहिल्या गटात होत्या १४ बायका.

त्यांनी काय केलं ते ऐका. भाव कमी करा अशी मागणी नाही, जेवणाऱ्यांकडून जास्त पैसे काढणंही नाही. त्यांनी पातळ आमटीच्या मुळाशी असलेल्या गोष्टीला हात घातला: महिन्याभराची उधारी. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, १९७२ पासून गरिबांसाठी ४ टक्के व्याजाची कर्जयोजना होती, पण चाळीतली निरक्षर बाई बँकेच्या दारात जाणार कशी? तारण काय देणार? बायकांनी गट करून एकमेकींची हमी घेतली आणि बँकेने कर्ज दिलं. अहमदाबादची सेवा बँक १९७४ ची, बांगलादेशात महंमद युनूस यांचा प्रयोग १९७६ चा. मायक्रोफायनान्स म्हटलं की आपण लगेच ढाक्याला जातो, पण परळ-लालबागच्या बायका त्याच वेळी हे करत होत्या.

आता गणित बघा. धान्य रोखीने आणि जास्त प्रमाणात घेता आलं की ते स्वस्त पडतं. सावकाराचं व्याज वाचतं. म्हणजे ताटाचा रेट न वाढवताही बाईच्या हातात दोन पैसे उरतात. भाववाढ थांबत नाही, पण तिचा पहिला तडाखा बाईच्या अंगावर येत नाही. काही वर्षांत सभासद हजारांच्या घरात गेल्या, दादरला मंडळाचं केंद्र उभं राहिलं, आणि पुढे प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. त्यांची मुलगी मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ मध्ये पुण्यात अन्नपूर्णाचं काम सुरू केलं. पुण्यातल्या भाजीवाल्या मावशींपैकी कुणी 'अन्नपूर्णाचं लोन' म्हणाली तर ते हे.

मग आला १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. जेवणारे गडी एकेक करून गावी परतले, आणि खाणावळीच्या वहीतली उधारी तशीच राहिली. ग्राहकच गेला तर स्वस्त कर्जाचा उपयोग किती? टिकल्या त्या बऱ्याचशा ऑफिसच्या डब्यांकडे, कॅटरिंगकडे वळल्या.

त्यानंतर सरकार स्वतः ताटात उतरलं. १९९५ च्या युती सरकारची एक रुपयाची झुणका-भाकर काही वर्षांत बंद पडली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात. यात फरकाची रक्कम कोण भरणार हे निदान कागदावर लिहिलेलं होतं. शहरात थाळीचा खर्च ५० रुपये धरला, ४० सरकारने द्यायचे. ग्रामीण भागात ३५ धरला, २५ सरकारने. कल्पना मला पटते. पण केंद्रं चालवणाऱ्यांची बिलं थकल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. बिल थकलं म्हणजे तो फरक तेवढे महिने केंद्र चालवणारी बाई भरते, वाण्याकडे उधारी करून. इथे मला १९७४ ची चाळ आठवल्याशिवाय राहत नाही.

तर तुमच्या डब्याच्या रेटबद्दल माझं मत विचाराल तर घासाघीस करण्याआधी एक विचारून बघा: ॲडव्हान्स दिले तर जमेल का? महिन्याच्या शेवटी तीन हजार देणं आणि एक तारखेला तीन हजार देणं, आपल्याला यात फारसा फरक पडत नाही. मावशीला मात्र त्यात तेलाचा पंधरा किलोचा डबा रोखीने घेता येतो.

या भागापुरतं इतकंच. तुमच्यापैकी कुणाची आजी किंवा पणजी गिरणगावात खाणावळ चालवत असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. विशेषतः उधारीची वही कुणी जपून ठेवली असेल तर तिचे फोटो नक्की पाठवा. महिन्याला किती घ्यायच्या, ताटात काय असायचं, कोण पैसे बुडवून गेलं, सगळं ऐकायचंय. पुढच्या भागात इराणी हॉटेलं. चला, भेटू.