न फसफसणारा चुनखडक

चुनखडक कसा ओळखावा? सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकावा. फसफसला तर चुनखडक. शहाबादी फरशीच्या तुटक्या तुकड्यावर ही कसोटी सहज दाखवता येते, कारण शहाबादी हा चुनखडकच आहे. बुडबुडे असतात कार्बन डायऑक्साइडचे. हा वायू खडकातच बद्ध असतो, हे स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक याने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले.

पण दगड दिसायला चुनखडकासारखा आणि फसफसत मात्र नाही, असे झाले तर? फ्रेंच भूवैज्ञानिक देओदा द दोलोम्यू याला आल्प्स पर्वतात नेमका असाच खडक आढळला. तो आम्लात विरघळे, पण अगदी सावकाश. दोलोम्यूने १७९१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने खडकाला दोलोम्यूचे नाव दिले. हाच आपला डोलोमाइट.

नाव मिळाले, कारण मिळाले नव्हते. त्याचा एक धागा इंग्लंडच्या शेतांत सापडला. तिथे जमिनीत चुना घालण्याची पद्धत होती. पण काही खाणींचा चुना जास्त पडला की पिकाला अपाय होई. १७९९ साली स्मिथसन टेनंट याने दाखवले, की अशा चुन्यात मॅग्नेशिया भरपूर असतो आणि त्याचा मूळ खडकही आम्लात सावकाश विरघळतो. डोलोमाइटमध्ये कॅल्शियमच्या जोडीला मॅग्नेशियम असते. त्यामुळे थंड, सौम्य आम्लाची त्यावरील क्रिया मंदावते. त्याची पूड केली, की आम्लाला भिडणारा पृष्ठभाग वाढतो आणि तोच दगड फसफसू लागतो.

कोडे मात्र संपले नाही. प्राचीन खडकांत डोलोमाइट विपुल आहे. आजच्या समुद्रांत तो फारच थोडा तयार होतो, आणि प्रयोगशाळेत साध्या तापमानाला तो बनता बनत नव्हता. २०२३ साली अमेरिकी व जपानी संशोधकांनी याचे एक उत्तर मांडले : वाढत्या स्फटिकात चुकीच्या जागी बसलेले अणू अधूनमधून विरघळून गेले, तर पुढची वाढ झपाट्याने होते.

विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या दगडांपैकी न फसफसणारे आपण बाजूला टाकतो. आपल्याकडे त्यांत बेसाल्टच अधिक असणार. तरीही फिकट रंगाचा एखादा दगड टाकण्यापूर्वी खिळ्याने खरवडून पाहावा आणि त्या पुडीवर शिक्षकांनी स्वतः आम्लाचा थेंब टाकावा. दोलोम्यूचा शोध सुरू झाला तो अशाच एका दगडापासून.