बर्फाचा पूल : एका समजुतीचा इतिहास

विमानाच्या पंखावरचा बर्फ काढण्यासाठी १९३० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील गुडरिच कंपनीने रबरी 'बूट' बाजारात आणले. पंखाच्या पुढच्या कडेवर बसवलेल्या या आवरणात हवा भरली की ते फुगते, वरचा बर्फ तडकतो आणि वाऱ्याने उडून जातो. प्रॉपेलरच्या अनेक विमानांवर ही साधी युक्ती आजही वापरतात.

सुरुवातीचे बूट मात्र सावकाश फुगत. त्यामुळे वैमानिकांत एक समजूत रुजली : थर पातळ असताना बूट फुगवले तर बर्फ फुटत नाही, नुसता बाहेर ढकलला जाऊन त्याची कमान होते आणि बूट त्या पोकळीत व्यर्थ फुगत राहतो. हा 'बर्फाचा पूल'. म्हणून पाव ते अर्धा इंच थर जमेपर्यंत थांबा, असे शिकवले जाई. पुढे बूट जलद फुगू लागले, पण शिकवण तीच राहिली.

९ जानेवारी १९९७ रोजी कॉमएअरचे एम्ब्रेअर १२० जातीचे विमान सिनसिनाटीहून येऊन डेट्रॉइटला उतरण्याच्या तयारीत होते. उंची ४,००० फूट, वेग १५० नॉटपर्यंत उतरलेला, फ्लॅप मिटलेले. उतरताना विमान ढगातून जाते, वेग कमी करावा लागतो आणि चूक सावरायला खाली उंची उरत नाही. बर्फ अशा वेळी सर्वांत घातक ठरतो. पंखांवरचा थर पातळ पण खरखरीत असावा, कदाचित वैमानिकांच्या नजरेत न भरणारा. तेवढ्यानेही पंखाची उचल नेहमीपेक्षा अधिक वेगालाच कोसळू शकते. विमानाचा वाढता कल ऑटोपायलट गुपचूप सावरत होता, त्यामुळे धोका हाताला जाणवला नाही. तो सुटताच विमान कलंडले आणि मिशिगनमधील मन्रोजवळ कोसळले. त्यातील सर्व २९ जण मरण पावले.

बर्फाची पहिली खूण दिसताच बूट चालू करा, अशी सुधारणा उत्पादकाने १९९६ मध्येच पुस्तिकेत केली होती. कंपनीने ती अमलात आणली नव्हती. पुलाची भीती अजून जिवंत होती. तरी चौकशी मंडळाने मुख्य ठपका वैमानिकांवर ठेवला नाही. बर्फातील उड्डाणासाठी पुरेसे निकष आणि किमान सुरक्षित वेग न ठरवणाऱ्या विमान वाहतूक प्रशासनावर तो ठेवला, आणि माझ्या मते तो रास्तच होता.

आधुनिक बुटांवर असा पूल होत असल्याचा पुरावा सापडला नाही. तरीही बर्फाळ हवेत शिरताच बूट चालू करा, असा इशारा त्याच मंडळाला डिसेंबर २००८ मध्ये पुन्हा काढावा लागला.