विलायतेस धाडलेलीं मुलें

हिंदुस्थानांत राज्य करणाऱ्या इंग्रज अंमलदारांविषयीं आपण पुष्कळ वाचलें आहे. परंतु त्यांच्या मुलांचें काय होई, हा प्रश्न आपल्या मनांत क्वचितच आला असेल. मूल पांच-सात वर्षांचें झालें, कीं त्यास विलायतेस नेऊन शाळेच्या वसतिगृहांत किंवा पैसे घेऊन मुलें सांभाळणाऱ्या परक्या घरीं ठेवावयाचें, अशी त्या वर्गांत चालच पडली होती. येथील रोगराईची भीति हें एक कारण. पण मूल आयेच्या वळणावर जाईल, ही धास्तीहि कांहीं लहान नव्हती.

रुडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजीं मुंबईस जन्मला. वडील जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंत शिल्पकला शिकवीत. हा मुलगा नोकरांच्या बोलींत इतका रमलेला, कीं आईबापांपुढें जातांना इंग्रजी बोलण्याची त्यास आठवण द्यावी लागे. १८७१ सालीं, सहावें वर्षहि पुरें झालें नसतां, त्यास व त्याच्या तीन वर्षांच्या बहिणीस साउथसी येथील एका घरीं ठेवून आईबाप परतले. आपण जात आहों, हें त्यांनीं मुलांना समजावून सांगितलें नाहीं. रडारड टळावी, असा हेतु असेल. पण मुलाला हेतु कोठून कळावा?

त्या घरीं मार होता, कोंडून ठेवणें होतें आणि नरकाचा धाक होता. दर डिसेंबरांत मात्र तो लंडनला मावशीकडे जाई. दारावरच्या घंटेची लोखंडी ओढणी उडी मारून ओढली, कीं त्याचें सुख सुरू होई. तरी साउथसीचे हाल त्यानें मावशीला कधींहि सांगितले नाहींत. आम्हां शिक्षकांना यांत नवल वाटत नाहीं. वसतिगृहांतील जें मूल घरीं 'खुशाल आहें' एवढेंच लिहितें, त्याच्याकडे आम्ही दोनदां पाहतों.

१८७७ सालीं आई आली. रात्रीं मुका घेण्यास ती वांकली, तों मुलानें चटकन् हात आडवा धरला: मार चुकविण्यासाठीं!

पुढें डेव्हनमधील वसतिगृहाच्या शाळेंत त्यास जिवलग मित्र लाभले; १९०७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याचीं साम्राज्यविषयक मतें मला मुळींच रुचत नाहींत, तो भाग निराळा. पण तें साउथसीचें घर त्याच्या मनांतून गेलें नाहीं. १८८८ सालीं त्यानें त्यावर गोष्ट लिहिली आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर आत्मचरित्र लिहावयास बसला, तेव्हां पहिल्याच प्रकरणांत पुन्हां तेंच आलें.

मावशीचें घर परक्या हातीं गेलें, तेव्हां ती घंटेची ओढणी त्यानें मागून आणली आणि ससेक्समधील आपल्या दाराशीं लावली. ती ओढतांना इतर मुलांनाहि आनंद व्हावा, अशी त्याची इच्छा होती.