व्हाइटहॉल अभ्यास

व्हाइटहॉल अभ्यास : लंडनमधील सरकारी नोकरांच्या प्रकृतीचा दीर्घकाळ पाठपुरावा करणारे दोन वैद्यकीय अभ्यास. शहरी नोकरदाराचा रोजचा ताण आणि हृदयरोहिण्यांचा विकार यांच्या संबंधाविषयी आज जे सांगितले जाते, त्यातील बराच भाग या अभ्यासांतून आलेला आहे. व्हाइटहॉल हा मध्य लंडनमधील, ब्रिटिश शासनाची मंत्रालये असलेला रस्ता; त्यावरून हे नाव पडले.

पहिला अभ्यास डॉनल्ड रीड व जेफ्री रोझ यांनी १९६७मध्ये सुरू केला. ४० ते ६४ वयाच्या सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. हृदयविकाराचा झटका हा साहेबलोकांचा रोग, मोठ्या खुर्चीची किंमत, असा त्या वेळी सर्वसाधारण समज होता. मायकेल मारमट आणि सहकाऱ्यांनी १९७८मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे नेमके उलटे होते. साडेसात वर्षांत शिपाई, द्वारपाल अशा तळच्या श्रेणीतील हृदयविकाराचे मृत्यू वरिष्ठ प्रशासकांच्या ३·६ पट भरले. वरचे आणि खालचे अशी सरळ फाळणी मात्र नव्हती. कारकुनाची स्थिती शिपायापेक्षा बरी, अधिकाऱ्याची कारकुनापेक्षा बरी, आणि त्या अधिकाऱ्यापेक्षाही त्याच्या वरचा सुरक्षित, अशी ही उतरंड होती. यांत उपाशी कोणीच नव्हते. सर्वांना पक्की नोकरी, निवृत्तिवेतन आणि राष्ट्रीय आरोग्य सेवेचे मोफत उपचार होते. खालच्या श्रेणीत धूम्रपान जास्त होते हे खरे. पण कोलेस्टेरॉल उलट वरच्या श्रेणीत थोडे अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे परिचित कारणे हिशेबात धरूनही निम्म्याहून अधिक तफावत शिल्लक राहिली.

तिचे कारण शोधण्यासाठी मारमट यांनी १९८५मध्ये दुसरा अभ्यास हाती घेतला. या वेळी ३५ ते ५५ वयाचे १०,३०८ कर्मचारी होते आणि त्यांत ३,४१३ स्त्रिया होत्या. प्रश्नावलीत मुख्य चौकशी कामावरील ताब्याची होती : काम कधी व कसे करायचे हे तुम्ही ठरवता, की दुसरा कोणी? स्वतःच्या कामावर ज्यांचा ताबा कमी, त्यांच्यात हृदयविकार अधिक, असे १९९७मध्ये दिसून आले. कामाचा रेटा आणि निर्णयाचा अधिकार यांचा मेळ अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी १९७९मध्येच मांडला होता. व्हाइटहॉलने त्याला वर्षानुवर्षांच्या नोंदींचा आधार दिला. २००८च्या अहवालानुसार, वारंवार ताणाची तक्रार करणाऱ्या पन्नाशीखालील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराचा धोका ६८ टक्क्यांनी जास्त होता.

ताण हृदयापर्यंत दोन वाटांनी जातो. एक वाट सवयींची : चालणे सुटते, जेवणात भाजी-फळे घटतात, पोट सुटते, साखर व रक्तदाब वाढतो. या वाटेने सुमारे एक-तृतीयांश परिणामाचा उलगडा होतो. दुसरी वाट थेट शरीरातली आहे. अॅड्रिनॅलीन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके संकटात क्षणभर कामी यावीत अशी आहेत. ती रोजचीच झाली की रोहिण्यांच्या अस्तराचा दाह वाढतो, रक्त गोठण्याकडे कलते आणि हृदयाच्या ठोक्यांची लवचीकता कमी होते. ताणग्रस्तांत सकाळी उठताच कॉर्टिसॉलची उसळी मोठी असते. रक्तदाबाच्या नोंदी याहून बोलक्या आहेत. कचेरीत साहेब आणि कनिष्ठ दोघांचाही दाब चढलेला असे. घरी गेल्यावर साहेबाचा उतरे, कनिष्ठाचा तितका उतरत नसे.

ताण निभावण्याच्या रीतींवर व्हाइटहॉलबाहेर महत्त्वाचे काम झाले. स्टॉकहोम परिसरातील २,७५५ नोकरदार पुरुषांच्या अभ्यासात (२००९) कामावर अन्याय झाल्यास काय करता, असे विचारले होते. काही न बोलता सोडून देणारे किंवा तिथून निघून जाणारे यांच्यात झटक्याचा वा हृदयविकाराच्या मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक निघाला. घटना अवघ्या ४७ होत्या, हे ध्यानात घेऊनच हा निष्कर्ष वाचावा. शिवाय तोंड उघडले तर नोकरीवर गदा येईल, अशा माणसाचे मौन हा स्वभावदोष म्हणता येत नाही.

उपचारांचे फळ संमिश्र आहे. स्वीडनमधील उप्साला येथे ३६२ हृदयरुग्णांना वर्षभर गटांत ताण हाताळण्याचे शिक्षण दिले. पुढच्या काळात पुन्हा उद्भवणाऱ्या हृदय-रक्तवाहिन्यांच्या तक्रारी ४१ टक्क्यांनी कमी झाल्या (२०११). अमेरिकेतील २,४८१ रुग्णांच्या चाचणीत नैराश्य काहीसे कमी झाले, पण पुन्हा झटका येणे वा मृत्यू कमी झाले नाहीत. भारतात २४ केंद्रांतील ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसन तपासले गेले (२०२०). रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक बरी वाटू लागली. झटका, पक्षाघात व मृत्यू यांतील फरक मात्र संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. योगाने हृदयविकार बरा होतो, या आपल्याकडच्या सर्रास दाव्याला यातून आधार मिळत नाही.

व्हाइटहॉलच्या मर्यादा स्पष्ट आहेत : नमुना एका शहरातील, पांढरपेशा आणि सुरक्षित नोकरीतला. तेरा युरोपीय अभ्यासांतील सुमारे १,९७,००० व्यक्तींची माहिती एकत्र केल्यावर (२०१२) कामाच्या ताणामुळे वाढणारा धोका २३ टक्केच भरला. धूम्रपानाचा धोका याच्या कितीतरी पट आहे. ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) मात्र मनोसामाजिक ताण हा नऊ प्रमुख कारणांपैकी एक ठरला. त्यात दक्षिण आशियाई रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी, म्हणजे इतरांहून पाच-सहा वर्षे आधी आलेला दिसतो.

दुसरा अभ्यास युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधून चालवला जातो. त्यातील हयात सहभागी आता वार्धक्यात असून त्यांच्या तपासण्यांचा रोख स्मृतिभ्रंशाकडेही वळला आहे.