दवाखान्यातला फोन कोण उचलतो?

आज फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या फोनचा इतिहास बघू. हा विषय मला का सुचला, ते आधी सांगतो.

एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. मी गाझियाबादला वैशालीत राहत होतो. जवळच इंदिरापुरमच्या गुरुद्वाऱ्याने 'ऑक्सिजन लंगर' सुरू केला होता. लोक गाडीत बसूनच ऑक्सिजन घेत होते. घरी आईला चार दिवस ताप होता. आमच्या डॉक्टरांना फोन लावला, तो कंपाउंडरने उचलला. मी घाईघाईने पहिल्या दिवसापासूनची हकिगत सांगायला लागलो. त्याने मला थांबवलं. "वय किती? ऑक्सिजन किती? बोलताना धाप लागते का?" मी ९१ म्हणालो. त्याने औषध सांगितलं नाही, "संध्याकाळी करा" असंही म्हटलं नाही. "फोन ठेवू नका, साहेबांना देतो." डॉक्टरांनी थेट हॉस्पिटल गाठायला सांगितलं. आई बरी होऊन घरी आली. ते तीन प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेले नाहीत.

आता मागे जाऊ. ग्रॅहॅम बेलचा टेलिफोन १८७६ चा. जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेत टॅरिफव्हिलला रेल्वे अपघात झाला, तेव्हा हार्टफर्ड शहरातल्या एका औषधाच्या दुकानातून फोन करून डॉक्टरांना बोलावलं गेलं. इथे फोनचं काम फक्त निरोपाचं होतं. पण १८७९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक वेगळीच गोष्ट छापून आली. मुलाला घशाचा क्रूप झाला असावा, या भीतीने घरच्यांनी रात्री डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी मुलाला फोनजवळ धरायला सांगितलं, खोकला ऐकला आणि हा क्रूप नाही असं सांगितलं. म्हणजे फोन तीन वर्षांचा होता, तेव्हाच प्रश्न उभा राहिला: पेशंटला न बघता डॉक्टरांनी किती सांगायचं?

आपल्याकडे मुंबईत १८८२ मध्ये एक्स्चेंज सुरू झालं. पण पुढची शंभर वर्षं सामान्य घरात फोन नव्हता. नंबर लावला की वर्षानुवर्षं वाट बघायची. डॉक्टरांना बोलवायला घरातलं कोणीतरी धावत जायचं. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला आणि हळूहळू फोन डॉक्टरांच्या खिशात गेला. सोय झाली. पण फोन घेऊन वहीत नोंद करणारा मधला माणूस बऱ्याच ठिकाणी गेला.

त्यात धोका काय, ते रत्नागिरीच्या एका प्रकरणात दिसलं. बाळंतपणानंतर त्रास झालेल्या एका महिलेला डॉक्टर हजर नसताना दाखल करून घेतलं आणि फोनवरून औषधं दिली, असा आरोप होता. ती दगावली. २५ जुलै २०१८ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. लक्षात घ्या, हा निर्णय फक्त जामिनापुरता होता, दोष सिद्ध झाला असा त्याचा अर्थ नाही. पण फोनवर काही सांगावं की नाही, अशी धास्ती डॉक्टरांमध्ये पसरली.

मग २५ मार्च २०२० उजाडला. लॉकडाऊनचा पहिला दिवस. त्याच दिवशी केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. फोनवर सल्ला देता येईल, पण पेशंट कोण, वय काय, हे आधी विचारायचं. नोंद ठेवायची. पहिल्याच वेळी नुसत्या आवाजावर बोलणं झालं, तर पॅरासिटामॉलसारखी साधी औषधंच लिहायची. आणि प्रकृती गंभीर वाटली, तर प्रथमोपचार सांगून पेशंटला लगेच प्रत्यक्ष उपचारासाठी पाठवायचं.

आमच्या कंपाउंडरने ही तत्त्वं वाचली होती की नाही, मी विचारलं नाही. आपलं काम औषध सांगण्याचं नाही, नेमकं विचारून फोन वेळेत डॉक्टरांच्या हातात देण्याचं आहे, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात फोन कराल तेव्हा वय, ताप, चालू असलेली औषधं कागदावर लिहून मगच नंबर लावा. आणि पलीकडचा माणूस मध्येच थांबवून प्रश्न विचारू लागला, तर रागावू नका.